खात्यासमोर खाते

९ मार्च २०२०. नवी मुंबईत, वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचा चौदावा वर्धापन दिन साजरा होत होता. त्या व्यासपीठावरून राज ठाकरे यांनी पक्षाचे 'प्रतिरूप मंत्रिमंडळ' जाहीर केले. गृह खात्यावर बाळा नांदगावकर, अर्थ खात्यावर नितीन सरदेसाई, नगरविकासावर संदीप देशपांडे, पर्यटनावर अमित ठाकरे, सहकारावर पंढरपूरचे दिलीप धोत्रे अशी नावे एकेक करून पुढे आली. एकेका खात्यावर एकटा माणूस न ठेवता छोटे गट नेमले होते. काम साधे सांगितले होते: आपल्या खात्याच्या मंत्र्यावर नजर ठेवायची, निर्णय वाचायचे, चुकले तर बोट दाखवायचे, चांगले केले तर तसेही सांगायचे.

त्या दिवशी २८८ जणांच्या विधानसभेत या पक्षाचा एकच आमदार होता, कल्याण ग्रामीणचे राजू पाटील. घटनेच्या ९१ व्या दुरुस्तीने मंत्र्यांच्या संख्येला जी मर्यादा घातली आहे, तिच्या हिशेबाने महाराष्ट्रात ४३ मंत्री होऊ शकतात. म्हणजे ४३ जणांच्या सरकारावर लक्ष ठेवायला सभागृहात एक माणूस, आणि बाकीचे सगळे सभागृहाबाहेर. अनेकांनी तेव्हाच हात झटकले. मला मात्र ही घटना महाराष्ट्राच्या संसदीय इतिहासात नोंदवून ठेवावी अशी वाटते. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या मंद्रूपसारख्या गावातून तिच्याकडे पाहिले तर तिचे मोल आणि तिची अडचण दोन्ही स्पष्ट दिसतात.

ही पद्धत ब्रिटनची. तिथे विरोधी पक्ष म्हणजे उद्याचे सरकार, हे गृहीत धरूनच संसद चालते. अर्थमंत्र्यासमोर विरोधकांचा एक ठरलेला माणूस बसतो, आरोग्यमंत्र्यासमोर दुसरा. वर्षानुवर्षे तो त्याच खात्याची कागदपत्रे वाचतो, त्या खात्याच्या संघटनांना भेटतो, मंत्र्याच्या प्रत्येक भाषणाला उत्तर देतो. निवडणूक जिंकली तर बहुधा तोच त्या खात्यात जाऊन बसतो. १९३७ च्या कायद्याने तिथल्या विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून पगार सुरू झाला. १९७५ पासून विरोधी पक्षांना संसदीय कामासाठी, अभ्यासकांचे पगार भागवण्यासाठी, सार्वजनिक पैसा मिळतो. १९९९ मध्ये स्कॉटलंडला स्वतःची संसद मिळाली, वेल्सलाही सभागृह मिळाले, आणि शाळा, दवाखाने, शेती हे विषय लंडनहून एडिंबरा आणि कार्डिफला आले. तिथल्या विरोधी पक्षांनीही लगोलग खातेनिहाय माणसे नेमली. प्रांताच्या पातळीवरचे हे सभागृह आपल्या विधानसभेच्या जवळचे आहे. शेती, पाणी, सहकार, पोलीस, आरोग्य हे आपल्याकडे राज्याचेच विषय आहेत. मंद्रूपच्या शेतकऱ्याचे बरेवाईट करणारे बहुतेक निर्णय मुंबईत होतात. त्यामुळे सरकारावर लक्ष ठेवणाऱ्याची गरज दिल्लीइतकीच मुंबईतही आहे.

भारतात या गोष्टीचे तुकडे आले, पूर्ण यंत्र आले नाही. लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांनी विरोधी पक्षाच्या मान्यतेसाठी सभागृहाच्या एक दशांश संख्येचा दंडक घातला. १९७७ मध्ये काँग्रेस प्रथमच केंद्रात हरली आणि यशवंतराव चव्हाण लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले. त्याच वर्षी संसदेने विरोधी पक्षनेत्याच्या पदाला कायद्याचा आधार दिला. पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, महाराष्ट्राने विधिमंडळातल्या विरोधी पक्षनेत्यांच्या वेतन-भत्त्यांचा स्वतंत्र कायदा केला. नेत्याला मंत्र्याचा दर्जा मिळाला, बंगला मिळाला, कर्मचारी मिळाले. त्याच्या मागे बसलेल्या आमदारांना खाती वाटून द्यायची, त्यांच्या हाताखाली अभ्यासक द्यायचे, हा पुढचा टप्पा कोणी गाठला नाही. २००५ मध्ये भाजप आणि शिवसेना युतीने असे प्रतिमंत्रिमंडळ करून पाहिले. २०१५ मध्ये शेजारच्या गोव्यात एका स्वयंसेवी संस्थेने नागरिकांचे प्रतिरूप मंत्रिमंडळ उभे केले. दोन्ही प्रयत्न मुळे धरू शकले नाहीत.

मुळे का धरली नाहीत, याचे उत्तर आपल्या विरोधाच्या परंपरेत आहे, आणि त्या परंपरेचा एक मोठा अध्याय मंद्रूपपासून तासाभराच्या वाटेवर, सोलापूर शहरात घडला. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर सोलापूर पेटले. गिरण्या बंद पडल्या, गोळीबार झाला, पोलिसांना शहरातून मागे घ्यावे लागले, आणि काही दिवस शहराची व्यवस्था काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी पाहिली. १२ मे रोजी सरकारने मार्शल लॉ पुकारला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. सोलापूरचा माणूस आजही हे चार हुतात्मे घरच्यासारखे सांगतो. पुढे १९४३ ते १९४६ या काळात साताऱ्यात नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार चालले. गावोगावी न्यायदान मंडळे बसली, तुफान सेना उभी राहिली. इंग्रजांचे सरकार आपले नाहीच, तेव्हा आपले सरकार आपणच चालवू, हा त्या दोन्ही लढ्यांचा पाया होता.

स्वातंत्र्यानंतर संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाने विरोधाला रस्त्याची ताकद दिली. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जोरदार धक्का दिला. एस. एम. जोशी, आचार्य अत्रे, उद्धवराव पाटील अशी माणसे द्विभाषिक मुंबई राज्याच्या विधानसभेत विरोधी बाकांवर बसली. मोर्चा, सत्याग्रह आणि सभागृहातले भाषण एकमेकांना जोडलेले होते. मागणी एकच होती, म्हणून खाती वाटून घेण्याचे कारण नव्हते. १ मे १९६० रोजी राज्य मिळाले, समिती विस्कटली, आणि विरोधी पक्षांपुढे नवा प्रश्न उभा राहिला: आता सरकार आपल्याच माणसांचे आहे, बहुमत त्यांचे आहे, तर आपण रोज करायचे काय?

या प्रश्नाचे चांगले उत्तर शेतकरी कामगार पक्षाच्या काही आमदारांनी दिले. कृष्णराव धुळप १९६२ पासून दहा वर्षे विरोधी पक्षनेते होते. त्यांच्या पुढच्या पिढीत सोलापूर जिल्ह्याने या परंपरेला गणपतराव देशमुख दिले. सांगोल्याचे हे वकील १९६२ मध्ये प्रथम निवडून आले आणि दोन पराभव वगळता एकूण अकरा वेळा विधानसभेत गेले. १९७७-७८ मध्ये ते विरोधी पक्षनेते होते. जुलै १९७८ मध्ये शरद पवारांचे पुलोद सरकार आले तेव्हा तेच गणपतराव मंत्री झाले. काल ज्या सरकारला प्रश्न विचारले, आज त्याच मंत्रालयात जाऊन उत्तरे द्यायची, हे त्यांनी करून दाखवले. सरकारी अनुदान नाही, अभ्यासकांचे पथक नाही, तरी सांगोल्याच्या दुष्काळाची आकडेवारी त्यांच्या तोंडी असे. सभागृहात ते उठले की मंत्री कागद चाळू लागत.

त्यांच्या कामाची एक बाजू इथे जवळून पाहण्यासारखी आहे. कृष्णा खोऱ्यातले पाणी दुष्काळी तालुक्यांना मिळावे म्हणून १९९० च्या दशकात तेरा तालुक्यांची पाणी परिषद उभी राहिली. तिचे नेतृत्व नागनाथअण्णा नायकवडी यांनी केले. हे तेच नागनाथअण्णा, जे तरुणपणी प्रतिसरकारात लढले होते. गणपतराव त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. टेंभू आणि म्हैसाळ योजनांची किती कामे झाली, कोणता कालवा कुठे अडला, किती निधी आला आणि किती खर्च झाला, याचा हिशेब परिषदेत दर वर्षी मांडला जाई आणि विधानसभेत गणपतराव तो मंत्र्यापुढे ठेवत. सरकारे बदलली, मंत्री बदलले, हिशेब मागणारा माणूस तोच राहिला. पाणी यायला फार वर्षे लागली. पण फाईल कपाटात जाऊन पडली नाही, कारण ती रोज उघडायला लावणारा एक जण सभागृहात बसलेला होता. प्रतिरूप मंत्र्याचे काम याहून वेगळे नसते.

रोजगार हमीची गोष्टही अशीच आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला पहिला प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात ती कल्पना राज्यभर गेली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. काँग्रेसच्या सरकारने केलेल्या या कायद्यामागे डाव्या आणि समाजवादी विरोधकांचे मोर्चे होते, प्रश्न होते, आणि सभागृहातला पाठिंबाही होता. खडी फोडणाऱ्या बाईला मजुरी वेळेवर मिळते का, हे विरोधक पुढेही विचारत राहिले. विरोधकांना विषय माहीत असला की कायदा सुधारतो, हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे.

आता मंद्रूपकडे येऊ. सोलापूर-विजापूर रस्त्यावरचे हे मोठे गाव. पुढे टाकळी, मग भीमा, आणि नदीपलीकडे कर्नाटक. बाजारात मराठी आणि कन्नड दोन्ही कानावर पडतात. आजूबाजूला ज्वारी, तूर, कांदा आणि पाणी असेल तिथे ऊस. सत्तेच्या जवळ असणे काय असते हे या मतदारसंघाला चांगले ठाऊक आहे. जानेवारी २००३ मध्ये सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री झाले तेव्हा ते विधिमंडळाचे सदस्य नव्हते. सहा महिन्यांत निवडून यायचे होते. आनंदराव देवकते यांनी दक्षिण सोलापूरची जागा मोकळी केली आणि मंद्रूपने मुख्यमंत्र्याला मत दिले. २०१४ मध्ये इथून सुभाष देशमुख निवडून आले आणि २०१६ मध्ये सहकारमंत्री झाले. सोसायटी, जिल्हा बँक, बाजार समिती, कर्जमाफी ही ज्या खात्याची कामे, ते खातेच तीन वर्षे या मतदारसंघाच्या आमदाराकडे होते.

म्हणून ९ मार्च २०२० च्या यादीत माझे लक्ष सहकार खात्यावर गेले. त्या खात्याचे मंत्री तेव्हा कराडचे बाळासाहेब पाटील होते आणि प्रतिरूप मंत्रिमंडळात ते खाते पंढरपूरच्या कार्यकर्त्याकडे दिले होते. नेमके त्याच दिवसांत या खात्याचे फार मोठे काम गावागावात सुरू होते. डिसेंबर २०१९ मध्ये उद्धव ठाकरे सरकारने महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना जाहीर केली. दोन लाखांपर्यंतचे थकीत पीककर्ज माफ. २४ फेब्रुवारी २०२० रोजी पहिली यादी आली, ६८ गावांची. मग मोठ्या याद्या लागल्या. शेतकऱ्याने यादीतला आपला क्रमांक घेऊन बँकेत किंवा 'आपले सरकार' केंद्रात जायचे, पडद्यावर दिसणारी थकबाकीची रक्कम पाहायची आणि ती मान्य असेल तर अंगठा लावायचा. राबून रेषा पुसट झालेला अंगठा यंत्र ओळखत नाही. पुसून, पाणी लावून पुन्हा लावायचा. तरी जुळले नाही तर तहसील कचेरी. रकमेबद्दल तक्रार असेल तर जिल्ह्याची समिती. सोलापूर जिल्हा मध्यवर्ती बँकेवर २०१८ पासून प्रशासक होता, त्यामुळे सोसायटीच्या सभासदाला संचालकाच्या दारात जाऊन विचारण्याचीही सोय राहिली नव्हती.

६ मार्च २०२० च्या अर्थसंकल्पात अजित पवारांनी आणखी एक घोषणा केली होती. जे शेतकरी कर्ज वेळेवर फेडतात त्यांना ५० हजार रुपयांपर्यंत प्रोत्साहनपर रक्कम. दर कर्जमाफीच्या वेळी गावात एकच बोलणे असते, प्रामाणिकपणे भरणारा उपाशी आणि थकवणारा तुपाशी. ती दुखरी नस सरकारने ओळखली होती. घोषणेनंतर तीनच दिवसांनी वाशीत प्रतिरूप सहकारमंत्री नेमला गेला. त्याला हाती घ्यायला याहून चांगला विषय मिळणार नव्हता: किती खातेदार पात्र, किती पैसे लागणार, तरतूद कुठे, शासन निर्णय कधी.

पण ९ मार्च २०२० ही तारीख आणखी एका कारणाने कायमची लक्षात राहिली. त्याच दिवशी पुण्यात राज्यातले पहिले करोनाबाधित रुग्ण आढळले. १४ मार्चला विधिमंडळाचे अधिवेशन वेळेआधी गुंडाळले गेले. २५ मार्चपासून देश बंद झाला. अंगठ्याने ओळख पटवणे थांबले. रस्त्यावर उतरणे हा ज्या पक्षाचा स्वभाव, त्याला रस्ताच बंद झाला. खात्यांचा अभ्यास करणारी माणसे घरात अडकली आणि प्रशासन एका साथरोग कायद्याखाली चालू लागले. सोलापूर जिल्ह्याने तर काही आठवड्यांत तीन पालकमंत्री पाहिले: दिलीप वळसे पाटील, जितेंद्र आव्हाड आणि दत्तात्रय भरणे. माहिती मागायची ती कोणाकडे, हेच कळेना.

खरे तर अशाच काळात प्रतिरूप मंत्र्याची गरज सर्वांत जास्त असते. सभागृह बंद असले की तारांकित प्रश्न नाही, लक्षवेधी नाही, कपात सूचना नाही. सरकार शासन निर्णय आणि परिपत्रकांवर चालते. ती परिपत्रके रोज वाचून त्यांचा अर्थ लोकांना सांगणारा माणूस प्रत्येक खात्यासमोर हवा होता. या प्रतिरूप मंत्रिमंडळातल्या काहींनी पत्रे लिहिली, निवेदने दिली. वाढीव वीजबिलांचा प्रश्न पेटला तेव्हा ऑक्टोबर २०२० मध्ये स्वतः राज ठाकरे राज्यपालांना भेटले. पण वीजबिलाचा प्रश्न पक्षप्रमुखाने मांडावा लागला, यातच उणीव दिसते. ऊर्जा खात्यासमोर बसवलेल्या माणसाचे नाव त्या निमित्ताने घरोघर पोचायला हवे होते. आपल्याकडे पक्ष एका चेहऱ्यावर चालतात. माइक एकाच्याच हाती असतो. जिथे सगळा आवाज एकाचा, तिथे खातेनिहाय माणूस नावापुरता उरतो, आणि हा दोष एका पक्षाचा मानून इतरांनी सुटका करून घेऊ नये.

वेळेवर कर्ज फेडणाऱ्यांच्या ५० हजारांचे पुढे काय झाले? २०२० गेले, २०२१ गेले. २०२२ च्या अर्थसंकल्पात तीच घोषणा पुन्हा झाली. जूनअखेर सरकार बदलले, एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले, आणि २०२२ च्या ऑक्टोबरात शेतकऱ्यांच्या खात्यात रक्कम पडू लागली. घोषणेपासून पैशापर्यंत अडीच वर्षांहून अधिक काळ गेला. मधल्या काळात भाजपचे आमदार सभागृहात विचारत होते, शेतकरी संघटना विचारत होत्या. पण हा विषय अमुक एका माणसाचा आहे, दर महिन्याला तो याचा हिशेब देतो, असे कोणाकडे बोट करून सांगता येत नव्हते. मंद्रूपच्या शेतकऱ्याला आपल्या बाजूने चौकशी करणारा माणूस नावानिशी ठाऊक असता, तर त्याचा सोसायटीतला हेलपाटा कमी झाला असता.

दुसरे उदाहरण पाण्याचे. उजनी धरणाचे पाणी भीमेतून खाली सुटते. औज आणि चिंचपूरच्या बंधाऱ्यांत अडते, तिथून सोलापूर शहर पिते, आणि नदीकाठच्या गावांची शेतीही त्याच पाण्याकडे डोळे लावून असते. एप्रिल २०२१ मध्ये उजनीतून पाच टीएमसी पाणी इंदापूर तालुक्याला देण्याच्या योजनेच्या सर्वेक्षणाचा आदेश निघाला. सोलापूरचे पालकमंत्री भरणे हे इंदापूरचेच आमदार. जिल्हा खवळला. सर्व पक्षांचे लोक, शेतकरी संघटना रस्त्यावर आल्या, आणि मे महिन्यात जलसंपदामंत्री जयंत पाटील यांनी तो आदेश रद्द केल्याचे सांगितले. आंदोलन जिंकले. तरी मला एक गोष्ट खटकते. आदेश निघाल्यावर जिल्हा जागा झाला. जलसंपदा खात्याची कागदपत्रे नियमित वाचणारा विरोधी पक्षाचा कोणी असता, तर प्रस्ताव तयार होत असतानाच तो लोकांसमोर आला असता. उजनीत पाणी किती, सिंचनाला किती ठरलेले, पिण्याला किती, गाळाने किती जागा खाल्ली, याची चर्चा दगडफेकीच्या भीतीशिवाय, आकड्यांवर झाली असती. इंदापूरच्या शेतकऱ्यालाही पाणी हवेच आहे. त्याचे आणि आपले भांडण लावून देण्याऐवजी हिशेब मांडणारा विरोधक दोघांच्याही उपयोगी पडला असता.

प्रतिरूप मंत्रिमंडळाच्या पुढच्या प्रवासाला फार शब्द लागत नाहीत. नोव्हेंबर २०१९ मध्ये ठाकरे सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर तटस्थ राहिलेला मनसेचा आमदार जुलै २०२२ मध्ये शिंदे सरकारच्या बाजूने उभा राहिला. ज्या मंत्रिमंडळासमोर प्रतिरूप उभे केले होते ते गेले, आणि नव्या सरकारसमोर तसे काही उभे राहिले नाही. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत पक्षाला एकही जागा मिळाली नाही.

या अपयशाची कारणे सांगताना एकट्या मनसेला दोष देणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. २०२० मध्ये मुख्य विरोधी पक्ष भाजप होता. त्याचे १०५ आमदार होते. पाच वर्षे खाती सांभाळलेले डझनभर माजी मंत्री त्यांत होते. देवेंद्र फडणवीस विरोधी पक्षनेते होते. खात्यासमोर खाते उभे करायला लागणारे सगळे साहित्य त्या बाकांवर होते. तिथे ते झाले नाही आणि एका आमदाराच्या पक्षाने ते करून पाहिले. २०१४ ते २०१९ या काळात काँग्रेस आणि राष्ट्रवादीकडेही पंधरा वर्षांच्या सत्तेचा अनुभव होता. त्यांनीही केले नाही. कारण आपल्याकडे खाते म्हणजे सत्तेचा वाटा. सत्ता नसताना खाते मागितले तर पक्षातलाच दुसरा विचारतो, उद्या सरकार आले तर हे खाते याच्या नावावर लागले का? युती-आघाडीच्या काळात तर मित्रपक्षाचाही हिशेब येतो. निवडणुकीआधी खाती वाटली की रुसवे सुरू होतात. म्हणून नेते हे टाळतात, आणि निवडून आल्यावर मंत्री आपले खाते पहिल्यांदा शपथविधीनंतर उघडतो. पहिले वर्ष त्याला शिकण्यात जाते, आणि त्या शिकण्याची किंमत सामान्य माणूस भरतो.

दुसरे कारण साधनांचे. सभागृहाबाहेरच्या माणसाच्या हाती माहितीचा अधिकार असतो. महाराष्ट्राने २००२ मध्ये स्वतःचा कायदा केला, २००५ मध्ये देशाचा कायदा आला. पण अर्ज केला की तीस दिवस, मग अपील, मग आयोगातल्या तारखा. सभागृहातला आमदार उभा राहून जे दहा मिनिटांत विचारतो त्याला बाहेरच्याला वर्ष लागते. शिवाय अभ्यासाला माणसे लागतात आणि माणसांना पगार लागतो. ब्रिटनने विरोधकांच्या अभ्यासाचा खर्च जनतेच्या पैशातून उचलला, कारण तो जनतेच्याच कामाचा खर्च आहे. आपण विरोधी पक्षनेत्याला मोटार दिली, अभ्यासगट दिला नाही.

आणि आता तर तो नेताही राहिला नाही. २०२४ च्या निकालात शिवसेना ठाकरे गटाला २०, काँग्रेसला १६ आणि राष्ट्रवादी शरद पवार गटाला १० जागा मिळाल्या. २८८ चा दहावा हिस्सा म्हणजे २९. तेवढे संख्याबळ कोणाकडेच नव्हते. १९७८ चा कायदा विरोधातला सर्वांत मोठा आणि अध्यक्षांनी मान्यता दिलेला पक्ष एवढेच पाहतो. तरी निवडणुकीनंतरच्या अधिवेशनांमागून अधिवेशने विधानसभेतली ती खुर्ची रिकामी राहिली. ज्या राज्याने धुळप, गणपतराव, मृणाल गोरे यांना त्या जागी पाहिले, त्या राज्याला हे शोभत नाही. सरकार कोणाचेही असो, ती जागा भरली पाहिजे.

गणपतराव देशमुख ३० जुलै २०२१ रोजी गेले. एका माणसाने पन्नास वर्षे जे केले ते आता एका माणसाकडून होणार नाही. सरकारचा पसारा वाढला, योजना वाढल्या, सगळे कामकाज संगणकावर गेले. म्हणूनच काम वाटून घ्यावे लागेल, आणि त्याची सुरुवात मुंबईहून होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. सरकारचे शासन निर्णय रोज संकेतस्थळावर येतात, मंद्रूपमध्ये बसूनही ते वाचता येतात. तालुक्यातल्या प्रत्येक विरोधी पक्षाने एक माणूस सहकाराला, एक पाण्याला, एक आरोग्याला, एक शाळांना नेमावा. त्याचे नाव आणि फोन ग्रामपंचायतीच्या फलकाशेजारी लावावा. ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांची किती पदे मंजूर आणि किती भरलेली, कर्जमाफीच्या किती तक्रारी तहसीलदारांकडे पडून, उजनीतून नदीत पाणी कोणत्या तारखेला सुटणार, हे त्याने दर महिन्याला गावासमोर सांगावे. काम चांगले झाले असेल तर तेही तितक्याच मोठ्याने सांगावे. पाच वर्षे असे काम केलेला माणूस उद्या जिल्हा परिषदेत किंवा विधानसभेत गेला, तर पहिल्या दिवसापासून कामाला लागेल.

वाशीच्या नाट्यगृहात जे जाहीर झाले ते टिकले नाही, पण मागणी योग्य होती. मतदाराने ती आता प्रत्येक पक्षाकडे करावी. मत मागायला आलेल्या विरोधी उमेदवाराला मंद्रूपच्या माणसाने सरळ विचारावे: गेली पाच वर्षे तुम्ही कोणत्या खात्याचा अभ्यास केला, आणि आमच्यासाठी त्या खात्याला कोणते प्रश्न विचारले?